वीणा विकत घ्यायची कुणी?

सुरतेत कापड मिळते, जरी मिळते, हिरा मिळतो. रुद्रवीणा मिळत नाही. तशी ती कुठल्याच शहरात दुकानाच्या फळीवर मांडलेली सापडणार नाही. ती सांगून करून घ्यावी लागते, कारागिराला विसार द्यावा लागतो, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते आणि तयार झाली की चांगल्या वाद्यासाठी लाखांत पैसे मोजावे लागतात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमाग, डाईंगची मिल, साड्यांच्या मार्केटमधली नोकरी किंवा छोटे दुकान यांवर त्यांचे घर चालते. अशा घरातल्या मुलीला बासरी शिकावीशी वाटली तर थोडक्यात भागते. हार्मोनियमची सोय एखाद्या भजनी मंडळात होऊन जाते. पण तिचा कान धृपदाकडे वळला आणि तिला बीन, सूरबहार किंवा सारंगी हवीशी झाली, तर घरचे हात टेकतात. मग अर्ज लिहिले जातात, समाजातल्या बड्या मंडळींच्या भेटी घेतल्या जातात, मोबाइलवरून मदतीचे आवाहन फिरते. या मागणीला समाजाने काय उत्तर द्यावे, हा इथला प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की वाद्य विकत घेण्यासाठी एका व्यक्तीच्या हातात रक्कम ठेवणे ही मदतीची सगळ्यात कच्ची रीत आहे. वाद्य एखाद्या नोंदणीकृत न्यासाने विकत घ्यावे, त्याची मालकी न्यासाकडेच राहावी आणि वाजवणाऱ्याला ते वर्षानुवर्षांच्या कराराने वापरायला मिळावे.

वाद्य इतके महाग का पडते, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. रुद्रवीणेला उत्तरेत बीन म्हणतात. गारुड्याच्या पुंगीशी तिचा काही संबंध नाही. सागवानाची किंवा बांबूची एक लांब पोकळ दांडी, तिच्या दोन टोकांजवळ खाली बांधलेले दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणात बसवलेले दोन डझनांच्या आसपास पडदे, चार मुख्य तारा आणि त्यांच्या जोडीला चिकारीच्या आणि खर्जाच्या तारा, असा हा संसार. भोपळा भाजीचा नव्हे, कडू. मिरजेचे कारागीर तो मंगळवेढ्याच्या बाजूने आणतात. सतारीला एक भोपळा पुरतो. बीनला दोन लागतात आणि तेही एकमेकांना साजेसे. आकार, जाडी, गोलाई जुळणारी जोडी मिळेपर्यंत कामाला हात लागत नाही. पडदे मेणात बसवायचे ते वाजवणाऱ्याच्या कानाला पटेल अशा जागी, म्हणजे इथे साचा चालत नाही. आणि शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कारागीर इतक्या हलक्या हाताने घासतो की कंप पावणारी तार त्या माथ्याला जेमतेम स्पर्श करत राहते. त्या स्पर्शातून स्वराला भरीवपणा आणि लांबी येते. केसभर जास्त घासले तर आवाज खरखरतो, कमी घासले तर मुका राहतो. शिवाय वाजवून वाजवून घोडीवर तारेचे चर पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे वाद्य विकत घेतले की खर्च संपला, असे होत नाही. तारा, जवारी, सुटलेले पडदे, दमटपणाने बिघडलेला सांधा यांचा खर्च वाद्याबरोबरच घरात येतो.

हे काम करणारे हात मोजके आहेत. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. हत्यारांना धार लावण्याचा त्यांचा मूळ धंदा राजेरजवाड्यांच्या लढाया थांबल्यावर बसला होता. फरीदसाहेब शिकलगार हे या नव्या कामाचे पहिले नाव. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गायक मिरजेत राहिला, त्याचा तानपुऱ्याचा कान या कारागिरांच्या कामी आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन नावाचे रक्षण करते, गिऱ्हाईक आणून देत नाही. सतार आणि तानपुऱ्याला मागणी तरी आहे. बीनची मागणी इतकी तुरळक की तिच्यासाठी जुळ्या भोपळ्यांची जोडी साठवून ठेवणे कारागिराला परवडत नाही. बीनकारांच्या दुनियेत कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्याचे नाव आजही आदराने घेतात. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी आपल्या वादनाला हवी तशी मोठ्या भोपळ्यांची, जाड दांडीची वीणा त्यांच्याकडून घडवून घेतली होती. तो कारखाना बंद पडला आणि त्यांच्या हातची वाद्ये आता जुन्या वादकांच्या घराण्यांतच सापडतात.

आता सरकारी मदतीकडे वळू, कारण अर्ज करणाऱ्याला सगळे आधी तिकडेच पाठवतात. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, मुदत दोन वर्षे. एकूण बेरीज १,२०,००० होते. योजना चांगली आहे, अनेकांना तिने हात दिला आहे. पण हा पैसा शिकण्याच्या काळातल्या राहण्या-खाण्याचा आणि प्रवासाचा आहे, आणि तो महिन्याच्या हप्त्यांनी येतो. त्यातून वाद्य घ्यायचे म्हटले तर दोन वर्षे दुसरा काहीही खर्च न करता साठवत बसायचे आणि शिष्यवृत्ती संपण्याच्या दिवशी वाद्य सांगायला जायचे, असा उलटा क्रम होतो. त्याहून मोठी अडचण पात्रतेत आहे. ही शिष्यवृत्ती गुरूकडे काही वर्षे शिकून तयार झालेल्यालाच मिळते. निवड समितीपुढे वाजवून दाखवावे लागते. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीची सीसीआरटी या केंद्रीय संस्थेची शिष्यवृत्तीही वाजवणाऱ्या मुलालाच मिळणार. म्हणजे वाद्य नसेल तर शिष्यवृत्तीच्या दारापर्यंत जाता येत नाही. पंचवीस ते चाळीस वयोगटासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिन्याला १०,००० रुपयांची आहे, चाळिशीनंतरची २०,००० रुपयांची. त्यांचा हेतू संशोधनाचा. या सगळ्या योजना माणसाला पोसतात आणि वाद्य त्याच्याकडे आधीपासून आहे असे गृहीत धरतात. ज्या काळात ही विद्या घराण्यांत होती आणि बापाचे वाद्य मुलाच्या मांडीवर येत होते, त्या काळाला हे गृहीतक शोभले असते. आज ज्या मुलीच्या घरात कुणी कधी तार छेडलेली नाही, तिच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

बँकेचे दारही अर्धेच उघडते. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत पुस्तके, साधने आणि उपकरणे यांचा खर्च धरता येतो, त्यामुळे मान्यताप्राप्त विद्यापीठात संगीताची पदवी घेणाऱ्याला वाद्याचा काही खर्च त्यात दाखवता येईल. पण अशा खर्चाला मर्यादा असते, आणि धृपदाची बीन आजही मुख्यतः गुरूसमोर बसून शिकली जाते. झिया मोहिउद्दीन डागर यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर ती परंपरा पुढे चालवत आहेत. सुरतेहून तिथे एका दिवसात पोचता येते, पण अशा शिक्षणाच्या फीची पावती आणि पदवीचे प्रमाणपत्र बँकेला दाखवता येत नाही. राहते वैयक्तिक कर्ज, चढ्या व्याजाचे. ज्या वाद्यातून पहिली कमाई व्हायला दहा वर्षे लागतात, त्यासाठी पहिल्या महिन्यापासून हप्ता भरायला लावणे म्हणजे घराला खड्ड्यात घालणे. मी कुणालाही हा रस्ता सुचवणार नाही.

मग उरते लोकांची मदत. सुरतेला दान नवीन नाही. या शहराने रुग्णालये, वसतिगृहे, पांजरपोळ, गोशाळा, सामुदायिक विवाह यांवर हात मोकळा सोडलेला आहे. पण इथल्या दानाचा मोठा भाग आज हिशेबाच्या वह्यांतून वाहतो, आणि त्या वह्यांना कायद्याची शिस्त आहे. ८०जी या नावाने सगळ्यांना ठाऊक असलेली आयकराची सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यात टाकलेल्या पैशावर मिळत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे रक्षण आणि पारंपरिक कला-हस्तव्यवसायांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुरतेच्या हिरे आणि कापड उद्योगातल्या अनेक कंपन्या या कलमात बसतात. पण त्यांना प्रकल्प दाखवावा लागतो, संस्था दाखवावी लागते, लेखापरीक्षण दाखवावे लागते. एका मुलीचा एका वीणेसाठीचा अर्ज, कितीही तळमळीने लिहिलेला असो, या चौकटीत बसत नाही. म्हणून ज्यांच्याकडे द्यायला खरोखर पैसा आहे त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही आणि नात्यातल्या, ओळखीतल्या, स्वतःच ओढाताणीत असलेल्या माणसांच्या पाचशे-हजारांवर सगळी मदार राहते.

पाश्चात्त्य देशांत जुन्या संगीताचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा हाच पेच उभा राहिला होता. व्हायोल हे मांडीत किंवा गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे पडद्यांचे वाद्य, ल्यूट हे लाकडी पोटाचे छेडून वाजवायचे वाद्य. दोन्ही अठराव्या शतकानंतर मागे पडली. इंग्लंडमध्ये आर्नल्ड डोल्मेच या कारागीर-वादकाने ती पुन्हा घडवायला घेतली, वाजवून दाखवली, आणि १९२८ साली त्याच्या कामाला आधार देण्यासाठी प्रतिष्ठान उभे राहिले. पण नव्या शिकणाऱ्याने हातात काय धरायचे? तिथल्या रसिकांनी संस्थेच्या मालकीची वाद्ये ठेवली. व्हायोल वाजवणाऱ्यांच्या मंडळ्या नवशिक्याला थोड्या भाड्यावर व्हायोल देतात, ल्यूटच्या संस्था ल्यूट देतात. आवड टिकली की मग तो स्वतःचे वाद्य सांगायला कारागिराकडे जातो, तोवर मंडळाचे वाद्य दुसऱ्याकडे जाते. मोठ्या पातळीवर कॅनडाच्या कला परिषदेने १९८५ साली वाद्यपेढी सुरू केली. तरुण वादक स्पर्धेत उतरतात आणि निवडलेल्यांना मौल्यवान व्हायोलिन, चेलो ठरावीक वर्षांसाठी मिळतात. जर्मनीत १९९३ पासून असाच राष्ट्रीय वाद्यनिधी आहे. हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले, असे कुणी म्हणेल. पण व्हायोलच्या मंडळ्या काही श्रीमंत नाहीत; सभासदांच्या वर्गणीवर चालतात. त्यांनी एवढेच ओळखले की चांगले तंतुवाद्य माणसापेक्षा जास्त जगते, तेव्हा त्याची मालकी एका आयुष्यापुरती बांधून ठेवण्यात नुकसान आहे.

आणि हे आपल्याला परकेही नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्याप्रमाणे ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोन वाजताही कुणीतरी ती घेऊन उभा असतो. दिंडीतला विणेकरी बदलतो, वीणा दिंडीची असते. तिची मालकी कुणा एकाची असावी असे एकाही वारकऱ्याला वाटत नाही, आणि ती कुणाची नाही म्हणून मोडूनही पडत नाही. तिला हात लावण्याआधी माणूस तिच्या पाया पडतो. ढोल-ताशा पथकांतही ढोल पथकाचे असतात; वाजवणारा येतो, सराव करतो, मिरवणूक झाली की ढोल परत ठेवतो, आणि पुढच्या वर्षी पान बदलायचा खर्च पथक उचलते. खानदेशी माणूस सुरतेला आला तो ही रीत बरोबर घेऊन आला आहे. तिच्यात फक्त एक पाऊल पुढे टाकायचे आहे: भजनाच्या आणि मिरवणुकीच्या वाद्यांसाठी जे आपण सहज करतो, ते आलापाच्या वाद्यासाठीही करायचे.

याच परिसरात संगीताला सार्वजनिक आधार देण्याचे काम राज्यानेही केलेले आहे. सुरतेच्या दक्षिणेला नवसारी आणि पूर्वेला सोनगड, व्यारा हा मुलूख गायकवाडांचा. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली राज्याच्या खर्चाने गायनशाळा काढली आणि तिचे काम सोपवले मौलाबक्ष यांच्याकडे. हे मौलाबक्ष गायक तर होतेच, पण बीनकारही होते. त्यांचे नातू इनायत खान यांनी पुढे वीणा परदेशात नेली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच, १९१६ साली. सयाजीरावांच्या शाळेचे आजचे रूप म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला विद्याशाखा, सुरतेपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर. म्हणजे मराठी राजाने, गुजरातच्या भूमीत, एका मुसलमान बीनकाराच्या हाती, सार्वजनिक पैशाने संगीतशिक्षण दिल्याचा दाखला आपल्या उंबरठ्याशी आहे. राजा गेला, संस्थान गेले. ती जबाबदारी मात्र नंतर कुणी नाव घेऊन उचलली नाही. सुरतेच्या बंदराचा आणखी एक दाखला इथे आठवतो. १६१५ साली इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेजवळ सुवाळीला उतरला, तेव्हा जहांगीर बादशहासाठी आणलेल्या नजराण्यांत व्हर्जिनल हे तारांचे, पट्ट्यांनी वाजवायचे वाद्य होते, आणि ते वाजवणारा माणूसही सोबत धाडला होता. वाद्य एकटे पाठवून भागत नाही, हे ईस्ट इंडिया कंपनीसारख्या व्यापारी कंपनीलाही समजत होते. मदतीचा विचार करताना वाद्य, वादक आणि दुरुस्ती या तिन्हींचा एकत्र हिशेब धरला पाहिजे, तो याच कारणाने.

मदत केली नाही तर काय होते, हे सारंगीने दाखवले आहे. एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेली, पोटाला कातडे चढवलेली, आतड्याच्या तीन मुख्य तारा आणि पस्तिसाच्या आसपास तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असलेली सारंगी मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत एकेकाळी गायकाची सावली होती. गोव्याचे दत्ताराम पर्वतकर यांच्यासारखे सारंगिये आपल्याकडे होऊन गेले. मग हार्मोनियम आली. ती स्वस्त, टिकाऊ, लावायला न लागणारी, चार महिन्यांत हात बसणारी. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकांवर टिकली, तरीही सारंगी परत आली नाही. पंडित रामनारायण यांनी तिला एकल वादनाच्या व्यासपीठावर जगभर मान मिळवून दिला. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. पण त्यांच्या थोरवीने गावोगावच्या शिकणाऱ्याच्या हातात सारंगी आली नाही. सारंगीच्या पीछेहाटीला एकटी किंमत कारणीभूत होती असे मी म्हणत नाही; तिला चिकटलेली कोठ्याची बदनामी, बोटांच्या नखांशी चालणारे अवघड तंत्र, तरफा जुळवण्यात जाणारा वेळ ही कारणेही खरी. मात्र बंदी घालून वाद्य वाचत नाही, सत्कार करूनही वाचत नाही, हे त्यातून नक्की कळते. ते वाचते शिकणाऱ्याच्या मांडीवर.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप हा की ज्या शहरात मजुराच्या मुलाला औषध आणि शाळेची फी मिळण्याची मारामार, तिथे वीणेवर लाख खर्च करणे शोभते का? मी हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. रुग्णालयाचा पैसा वीणेकडे वळवा असे कुणी म्हणाले तर मीही विरोध करीन. पण कंपन्यांचा कलेच्या नावाने येणारा पैसा औषधाकडे जाण्याच्या वाटेवर नसतो. तो एका रात्रीच्या कार्यक्रमाच्या मांडवात, रोषणाईत आणि ध्वनियंत्रणेच्या भाड्यात विरघळतो. त्या एका रात्रीच्या खर्चात एक वाद्य उभे राहते आणि पन्नास वर्षे वाजते. शिवाय गरिबाच्या मुलाला भाकरी हवी, वीणा नको, हे त्याच्या वतीने आपण का ठरवावे? हे वाद्य फक्त ज्यांना परवडते त्यांनीच शिकावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप वादकांकडून येतो. वाद्य आणि वादक यांचे नाते असते, दुसऱ्याच्या मालकीच्या वाद्यावर जीव बसत नाही, हात परत करायला तयार होत नाही. यात तथ्य आहे. म्हणून मुदत वर्षाची नसावी, पाच वर्षांची असावी आणि साधना चालू असेल तर वाढत जावी. पुढे वादक कमावता झाला आणि त्याला तेच वाद्य विकत घ्यायचे असेल, तर ठरलेल्या किमतीला ते त्याला द्यावे आणि त्या पैशातून नवे सांगावे. तिसरा आक्षेप: मूल दोन वर्षांत कंटाळले तर? उलट हाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. रोख पैसे देऊन घेतलेले वाद्य कंटाळलेल्या मुलाच्या घरी कपाटावर धूळ खात पडते, आणि देणारा पुन्हा कुणाला देत नाही. न्यासाचे वाद्य दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जाते.

चौथा आक्षेप नुकसानीचा. सुरतेची हवा दमट, उन्हाळा कडक. मेण मऊ पडून पडदे सरकतात, भोपळ्याला बुरशी धरते, घराच्या गर्दीत लहान मुलाचा धक्का लागतो. आणि या शहराने २००६च्या ऑगस्टमधला तापीचा पूर पाहिला आहे. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने बहुतेक सुरत बुडाली होती. पण हे धोके खासगी मालकीच्या वाद्यालाही तेवढेच आहेत, फक्त तिथे भुर्दंड एकट्या घरावर पडतो. न्यासाला सगळ्या वाद्यांचा एकत्र विमा उतरवता येतो, वर्षातून एकदा मिरजेच्या कारागिराला बोलावून सगळ्यांच्या जवाऱ्या एकदम काढून घेता येतात, पावसाळ्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांकडची वाद्ये वर हलवता येतात. पाचवा आक्षेप, स्वस्तातले वाद्य घेऊन सुरुवात का करू नये? सतारीच्या बाबतीत करावी. बीनच्या बाबतीत फसते, कारण कच्च्या बीनमधून तो लांब टिकणारा, खोल नाद येतच नाही ज्याच्या ओढीने कुणी बीन शिकायला बसतो. मिंड ओढली की तार दबते आणि स्वर मरतो. शिकणारा आपल्या हाताला दोष देत राहतो.

वाद्यांचे संग्रहालय हा वाद्यपेढीला पर्याय नव्हे, हेही सांगायला हवे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा फार देखणा संग्रह आहे आणि तो तिथेच असावा. पण काचेआडच्या वीणेची जवारी कुणी काढत नाही. पेढीला सगळी वाद्ये नवीनही लागणार नाहीत. किती तरी घरांत आजोबांची सतार, सूरबहार, दिलरुबा खोळीत पडून आहे. वारसांना विकायचे मन होत नाही आणि वाजवायला कुणी नाही. अशा वाद्याच्या दुरुस्तीला नव्या वाद्याच्या मानाने थोडा खर्च येतो. आजोबांचे नाव लावून ते पेढीत ठेवले तर बहुतेक घरे आनंदाने देतील, असा माझा विश्वास आहे.

या व्यवस्थेचा दुसरा लाभ कारागिराला आहे, आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी असे १८ व्यवसाय आहेत. त्यांना पाच टक्के व्याजाने टप्प्याटप्प्याने तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्या अठरांत वाद्य घडवणारा नाही. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी माफ आहे, तेवढा दिलासा. अशा कारागिराला अनुदानापेक्षा खात्रीची मागणी हवी. एका पेढीने दरवर्षी दोन वीणा आणि एक सूरबहार सांगायचे असे ठरवले आणि अर्धी रक्कम आगाऊ दिली, तर तो भोपळ्यांच्या जोड्या जमवून ठेवील, सुकलेले सागवान घेऊन ठेवील आणि मुलाला किंवा पुतण्याला हे काम शिकवायची हिंमत करील. एकट्या विद्यार्थ्याच्या खरेदीतून हे कधी घडत नाही, कारण तो आयुष्यात एकदाच येतो.

करायचे ते फार अवघड नाही. १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली मराठी मंडळे गुजरातमध्ये काम करत आहेत. त्यांतल्या एखाद्याने आपल्या घटनेत वाद्यपेढीचे कलम घालावे, ८०जीची मान्यता नसेल तर घ्यावी, आणि निवडीसाठी तीन माणसे बसवावीत: एक वादक, एक वाद्य घडवणारा, एक हिशेब जाणणारा. आणि ज्याला वाद्य हवे आहे त्याने आपला अर्ज वेगळ्या रीतीने लिहावा. परिस्थितीच्या वर्णनाला चार ओळी पुरेत. त्याऐवजी कोणाकडे शिकतो आहे त्या गुरूचे पत्र, कारागिराने दिलेला लेखी दर आणि मुदत, वर्षाला तारा आणि जवारीचा अंदाजे खर्च, वाद्य घरात कुठे ठेवणार याची माहिती जोडावी, आणि मुख्य म्हणजे हे वाक्य लिहावे: वाद्य संस्थेच्या नावाने घ्यावे, मी साधना थांबवली तर ते पुढच्या विद्यार्थ्याला द्यावे. असा अर्ज कापड बाजारातल्या व्यापाऱ्याच्या टेबलावर गेला तर त्याला पावती देता येते, लेखापरीक्षकाला दाखवता येते आणि दहा वर्षांनी आपले पैसे कुठे आहेत हे त्याला विचारताही येते.